खुर्ची सोडलेल्या संस्थापकाचं काम

(बिलोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



कंपनी सुरू करणाऱ्या माणसाने तिचा कारभार कधी आणि कसा दुसऱ्याच्या हाती द्यावा, हा माझा आजचा विषय आहे. पुण्या-मुंबईचा विषय बिलोलीत कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. त्याही नवे उद्योगच आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींच्या दाराशी हा प्रश्न येऊन ठेपला आहे. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण मला खरं बोलायचंय ते त्यांच्याशीच. आधी पुण्याला जाऊन येऊ.

कुठलाही नवा उद्योग पहिली दोन-चार वर्षं एका किंवा दोन माणसांच्या अंगावर चालतो. माल कसा असावा हे तोच ठरवतो, पहिलं गिऱ्हाईक तोच आणतो, जागेचं भाडं थकलं की मालकाला तोच भेटतो आणि पगाराला पैसे कमी पडले तर उसनवारीलाही तोच निघतो. त्या काळात खात्यांची वाटणी आणि कागदी नियम यांचा फार उपयोग नसतो. उद्या दार उघडणार की नाही, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर म्हणून एका माणसाचा हट्ट पुरतो.

मग धंदा वाढतो. बाहेरचे पैसे येतात. पन्नासाची पाचशे माणसं होतात. आता विचारायचे प्रश्नच बदलतात. विकलेल्या प्रत्येक नगामागे हातात काही उरतं का? उधारी किती दिवसांनी परत येते? कुठलं गिऱ्हाईक धरायचं आणि कुठलं सोडायचं? संस्थापकाचा ज्या कामावर जीव आहे, पण जे वर्षानुवर्षं तोट्यात आहे, ते बंद कुणी करायचं? नफ्याकडे जाणारी वाट या प्रश्नांतून जाते, आणि यांची उत्तरं देणारा स्वभाव पहिल्या स्वभावाहून पुष्कळ वेगळा असतो. दोन्ही स्वभाव एकाच माणसात असतात, नाही असं नाही. फार थोड्यांत असतात.

तेव्हा हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या नोम वॉसरमन यांनी अमेरिकेतल्या २१२ नव्या कंपन्यांचा अभ्यास करून २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे संस्थापक मुख्य कार्यकारी अधिकारी राहिलेले नव्हते. चौथ्या वर्षी चाळीस टक्केच त्या जागी होते. कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्या प्रमुखपदी संस्थापकच आहे, असं चारांतल्या एकीपेक्षाही कमी कंपन्यांत घडलं. पद सोडणाऱ्या पाचांपैकी चौघांना ते सोडायला लावलं गेलं होतं. यातला सगळ्यांत बोलका भाग मला वेगळाच वाटतो. माल तयार होऊन बाजारात जायला सज्ज झाला किंवा मोठं भांडवल हाती आलं की संस्थापक जाण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्या दिवशी संस्थापकाला वाटतं की आपण जिंकलो, त्याच दिवसापासून त्याच्या जागी दुसऱ्याची गरज निर्माण होऊ लागते. त्यात त्याचा अपमान नाही. त्याचं एक काम पूर्ण झालेलं असतं.

ही आकडेवारी अमेरिकेची, आणि तिथे गुंतवणूकदाराच्या हाती मोठी सत्ता असते. आपल्या मातीतलं उदाहरण म्हणून मी पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स घेतो.

आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरहून पदवी घेऊन अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी पीएच.डी. केली, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलं आणि १९९० मध्ये पुण्याला येऊन कंपनी काढली. आर्थिक उदारीकरणाला तेव्हा अजून वर्ष अवकाश होता. कंपनीचं काम विशेष होतं. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादनं ती त्यांच्यासाठी बांधून द्यायची. अवघड, बारीक, इंजिनिअरच्या आवडीचं काम. २०१० मध्ये कंपनीचा शेअर ३१० रुपयांना विक्रीला आला तेव्हा उपलब्ध शेअरांच्या नव्वद पटींहून जास्त मागणी आली होती.

नफा होता, नाव होतं, आणि सुरुवातीपासून एकच माणूस पुढे होता. मग बदल कशाला? उलाढालीचे आकडे पाहिले की थोडं कळतं. २०१७-१८ मध्ये ती सुमारे ४७ कोटी डॉलर होती आणि दोन वर्षांनी, २०१९-२० मध्ये, सुमारे ५० कोटी. एवढ्या मोठ्या कंपनीसाठी ही चाल मंद होती. दरम्यान जग बदललं होतं. सॉफ्टवेअर कंपन्यांपलीकडे आता बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं यांना आपला सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा होता. त्यांच्याशी व्यवहार करायचा तर विक्रीची वेगळी फौज लागते आणि मोठ्या कराराची बोलणी महिनोन्महिने चालवणारी माणसं लागतात. उत्तम इंजिनिअर असणं तिथे पुरत नाही. हे माझं वाचन आहे, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत.

२०१९ च्या सुरुवातीला कंपनीने क्रिस्टोफर ओकॉनर यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणलं. ते आयबीएममधून आले आणि आयबीएम ही पर्सिस्टंटची मोठी ग्राहक होती. निवड कागदावर चोख होती. ती दोन वर्षंही टिकली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये संदीप कालरा त्या पदावर आले. कालरा त्याआधी वर्षभराहून अधिक काळ कंपनीतच होते. माणसं, ग्राहक, कंपनीच्या सवयी त्यांना ठाऊक झाल्या होत्या.

या दोन नेमणुकांच्या मधला तो क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आणलेला पहिला माणूस गेला होता. कोरोनाचं वर्ष होतं. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक संस्थापकाच्या मनात एकच विचार येतो: बघा, माझ्याशिवाय चालत नाही, आता मीच पुन्हा बसतो. देशपांडे यांनी ते केलं नाही. ते अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक राहिले, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद पुन्हा दुसऱ्याकडेच गेलं. पहिली निवड टिकली नाही म्हणून बदलाची दिशाच चुकली, असा अर्थ त्यांनी काढला नाही. २०२२-२३ मध्ये कंपनीची उलाढाल १०३ कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि २०२४-२५ मध्ये १४० कोटींच्या. निव्वळ नफा २०१९-२० मध्ये ३४० कोटी रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये १,४०० कोटींवर गेला. हे सगळं श्रेय एका माणसाच्या नावावर मांडणं चूक ठरेल. कोरोनानंतर जगभर संगणक सेवांची मागणी उसळली आणि त्या लाटेत सगळेच वर आले. पण लाट आली तेव्हा ती घ्यायला माणूस जागेवर होता, हे खरं.

देशपांडे यांनी २०१३ मध्येच दे-आसरा फाउंडेशन सुरू केलं होतं. छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाला नोंदणी, कर्ज, हिशेब यांत ते मदत करतं. दागिन्यांचं, खाद्यपदार्थांचं छोटं दुकान काढणाऱ्यालाही तिथे विचारता येतं. कंपनी चालवण्याखेरीज दुसरं मोठं काम ज्याच्याजवळ आहे, त्याला कारभार सोडणं सोपं जातं, असं मला वाटतं. ज्याच्याजवळ कंपनीखेरीज काहीच नाही, त्याला निवृत्ती शिक्षेसारखी वाटते आणि मग तो रोज सकाळी कंपनीत येऊन उत्तराधिकाऱ्याच्या खोलीत डोकावत राहतो.

इन्फोसिसचा इतिहास याच्या जवळचा आहे, पण त्याला वेगळं वळण लागलं. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी सुरू केलेल्या या कंपनीत नारायण मूर्तींनंतर २००२ मध्ये नंदन नीलेकणी, २००७ मध्ये क्रिस गोपालकृष्णन आणि २०११ मध्ये शिबुलाल असे संस्थापकच एकामागून एक प्रमुख होत गेले. देशाने त्या व्यवस्थेचं कौतुक केलं. पण सगळे एकाच पिढीतले, एकाच घडणीतले. निवृत्त झालेले मूर्ती २०१३ मध्ये परत आले. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांपैकी नसलेले पहिले प्रमुख झाले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये, संस्थापक व संचालक मंडळ यांच्यातला वाद चव्हाट्यावर आल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. मग नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख आले. इन्फोसिस कधी बुडण्याच्या वाटेवर नव्हती. तरीही तिला खुर्चीच्या प्रश्नाने पाच वर्षं छळलं. संस्थापकाला कंपनीबद्दल काळजी वाटणं आणि त्याने कारभारात हात घालणं यांतली रेषा तिथे आधी आखली गेली नव्हती. कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरणार नाही. दोन्ही बाजूंची माणसं मोठी आहेत. रेषा आधी लिहून ठेवावी लागते, एवढंच त्यातून मी घेतो.

फ्लिपकार्टमध्ये वेगळं घडलं. तिथे पैसे गुंतवणूकदारांचे होते आणि तोटाही प्रचंड होता. जानेवारी २०१६ मध्ये संस्थापक सचिन बन्सल यांच्याकडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद सहसंस्थापक बिन्नी बन्सल यांच्याकडे गेलं आणि वर्षभरात, जानेवारी २०१७ मध्ये, कल्याण कृष्णमूर्ती यांच्याकडे. कृष्णमूर्ती टायगर ग्लोबल या गुंतवणूकदार संस्थेतून आलेले, आकड्यांचे गृहस्थ. पुढच्या वर्षी वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलरना कंपनीचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. ज्याचा पैसा तोट्यात जात असतो तो खुर्चीचा निर्णय स्वतः घेतो, मग संस्थापक ठरवो वा न ठरवो.

एक उदाहरण मला जिव्हाळ्याचं आहे, ते सांगतो. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिकले नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले, पुण्यात दुकान टाकलं, संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणक शिकायला लावलं आणि व्हायरस काढण्याचा प्रोग्राम संजय यांनी लिहिला. त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१० मध्ये सेक्वोया या गुंतवणूकदार संस्थेने साठ कोटी रुपये घातले, २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. २०२३ मध्ये या कंपनीने विशाल साळवी यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणलं. साळवी इन्फोसिसमध्ये माहिती सुरक्षेचे प्रमुख होते. दहावी झालेला माणूस आपल्या हाताने उभारलेल्या कंपनीसाठी असा माणूस शोधतो आणि कारभार त्याच्याकडे देतो, यात मला मोठेपणा दिसतो. घरोघरचे संगणक सांभाळणं एक काम आणि बँकांचं, सरकारी कार्यालयांचं जाळं सांभाळणं हे दुसरं, हे ओळखायला पदवी लागत नाही. धंद्याची जाण लागते.

आता आपल्याकडे येऊ.

शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ च्या कायदादुरुस्तीने आला. वाय. के. अलघ यांच्या समितीने त्याची शिफारस केली होती. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन कंपनी काढू शकतात, संचालक पाच ते पंधरा, आणि कुणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. या कायद्यात एक कलम आहे, ते आमच्या बहुतेक संचालकांनी नीट वाचलेलं नसतं. कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे, आणि संचालक मंडळाने तो सभासद नसलेल्या व्यक्तींमधून नेमला पाहिजे. पर्सिस्टंटला जिथे पोचायला जवळपास तीस वर्षं लागली, ते कायद्याने आपल्या कंपन्यांना पहिल्याच दिवशी करायला सांगितलं आहे. मालक शेतकरी, कारभारी पगारी, आणि दोघांत रेषा.

प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही जाणता. गावातला एक धडपड्या माणूस घरोघर फिरून शेअरचे पैसे गोळा करतो, तालुक्याच्या कृषी कार्यालयात खेटे घालतो, गोदामाची जागा मिळवतो. तो अध्यक्ष होतो आणि सगळा कारभार त्याच्याच खिशात राहतो. कायद्याची पूर्तता म्हणून कुणाचा तरी पुतण्या नाहीतर भाचा कागदावर अधिकारी होतो. त्या धडपड्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. तो नसता तर कंपनीच नसती. पण पहिल्या तीन वर्षांनंतर त्याच्या कंपनीवर जे संकट येतं, ते त्याच्या धडपडीने सुटणारं नाही.

ते संकट पैशांत मांडून दाखवतो. केंद्र सरकारच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, एका संस्थेला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. त्यात अधिकाऱ्याचा पगार महिना २५ हजारांपर्यंत आणि लेखापालाचा १० हजारांपर्यंत धरलेला आहे. दोघांचे मिळून वर्षाला ४ लाख २० हजार होतात. तीन वर्षांनी ही मदत थांबते. मग हे पैसे कंपनीने कमवायचे.

समजा आपल्या कंपनीने दिवाळीच्या सुमारास सभासदांचं १,००० क्विंटल सोयाबीन क्विंटलला ४,५०० रुपयांनी घेतलं. ४५ लाख रुपये शेतकऱ्याला रोख दिले, कारण त्याला रब्बीची पेरणी करायची आहे. माल चाळून, वाळवून तेलगिरणीला दिला आणि व्याज सोडून बाकी सगळा खर्च जाऊन क्विंटलमागे शंभर रुपये सुटले. म्हणजे एक लाख. आता गिरणीने पैसे साठ दिवसांनी दिले आणि आपण ते ४५ लाख बारा टक्क्यांच्या कर्जाने उभे केले असतील, तर व्याजच सुमारे ८९ हजार होतं. लाखातले ११ हजार उरले. तेच पैसे वीस दिवसांत आले असते तर व्याज तीस हजारांच्या आत राहिलं असतं आणि सत्तर हजारांहून अधिक हातात पडले असते. माल तोच, भाव तोच, गोदाम तेच. फरक वसुलीच्या चाळीस दिवसांचा. एकट्या अधिकाऱ्याच्या पगाराचे तीन लाख काढायचे तर शंभर रुपये सुटणारा तीन हजार क्विंटल माल हवा, आणि तोही व्याजात न गेलेला.

हा हिशेब गोळाबेरीज करणाऱ्या माणसाचा नाही, रोज त्यात बसणाऱ्या माणसाचा आहे. पैसे वेळेवर न देणाऱ्या व्यापाऱ्याला, तो ओळखीचा असला तरी, पुढचा माल नाही म्हणायचं. ओलावा जास्त असलेलं सोयाबीन आणणाऱ्या सभासदाचं पोतं परत पाठवायचं, मग तो अध्यक्षांचा सोयरा का असेना. खतांच्या दुकानातली उधारी थांबवायची. आमच्या धडपड्या अध्यक्षाला हे जमणं अवघड असतं, आणि त्याचं कारण त्याचा दोष नाही. ज्या माणसांना त्याने शब्द देऊन जोडलं, त्यांनाच नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येते. गावात राहायचं आहे, लग्नाकार्याला जायचं आहे. पगारी माणसाला हे जमू शकतं, पण एका अटीवर: त्याने नाही म्हटल्यावर संध्याकाळी अध्यक्षाने फोन करून त्याचं नाही फिरवता कामा नये.

इथेच संस्थापकाचं नवं काम सुरू होतं, आणि ते जुन्या कामाइतकंच कष्टाचं आहे. सभासदांचा विश्वास टिकवणं त्याच्याशिवाय कुणाला जमणार नाही. बँकेत, सरकारी कार्यालयात, मोठ्या खरेदीदाराकडे त्याच्या शब्दाला वजन आहे. नवे सभासद आणणं, महिलांना संचालक मंडळात आणणं, पुढच्या पाच वर्षांत डाळ मिल टाकायची की बियाणं करायचं हे ठरवणं, अधिकाऱ्याच्या कामाचा तिमाही हिशेब मागणं ही त्याची कामं आहेत. आज बारदाना किती घ्यायचा आणि टेम्पो कुणाचा बोलवायचा, ही नाहीत.

यावर मला हमखास विचारलं जातं की एवढ्या पगारात चांगला माणूस आमच्या गावात येणार कोण? आणि आला तरी वर्षभरात पुण्याला पळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आणि त्याच्या लातूरच्या कृषी महाविद्यालयातून दरवर्षी मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांच्यातली बरीच याच जिल्ह्यांतली आहेत, आणि सगळ्यांना स्पर्धा परीक्षाच द्यायच्या असतात असं नाही. गाव सोडण्याचं त्यांचं कारण पगार असतं हे मी नाकारत नाही. पण बहुतेक ठिकाणी दुसरंही कारण असतं. त्यांना अधिकारी म्हणून नेमलं जातं आणि कारकून म्हणून वागवलं जातं. खरेदीचा भाव त्यांना ठरवता येत नाही, धनादेशावर सही त्यांची चालत नाही, व्यापाऱ्याशी बोलायला अध्यक्ष स्वतः जातात. दोन वर्षांनी दुसरीकडे दाखवण्यासारखं त्यांच्या हाती काहीच नसतं. मग ती जातात.

म्हणून तुमच्यापैकी जे अशा कंपन्यांचे संचालक आहेत त्यांना माझं सांगणं आहे की तिसरं वर्ष संपायची वाट पाहू नका. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत एक ठराव मांडा. अधिकाऱ्याने मंडळाला न विचारता एका दिवसात किती रुपयांपर्यंत माल घ्यावा, किती रुपयांच्या धनादेशावर त्याची आणि लेखापालाची सही पुरेल, आणि कुठल्या खरेदीदाराला किती दिवसांची उधारी देता येईल, हे आकड्यांत लिहा. पहिल्या हंगामात आकडा लहान ठेवा. हंगाम संपला की हिशेब बघा, आणि तो बरोबर निघाला तर आकडा वाढवा. ठरावाची एक प्रत अधिकाऱ्याकडे द्या आणि एक गोदामाच्या भिंतीवर लावा, म्हणजे माल घेऊन येणाऱ्या सभासदालाही कळेल की आज भाव कुणी ठरवायचा आहे.